दहावीच्या संभाव्यतेत मटक्याचं गणित का नको?

खडूफळा: दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचा धडा आहे. नाणी, फासे, पत्ते सगळं आहे, पण पैसे लावल्यावर काय होतं ते नाही. माझं म्हणणं, मटकाच घ्या, म्हणजे निघणाऱ्या आकड्यावर पैसे लावायचा जुगार. सिंगलचा, म्हणजे एकाच आकड्याचा, भाव एका रुपयाला नऊ; आकडे शून्य ते नऊ असे दहा. सगळ्यांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर गेले, नव्वद आले. जोडीला, म्हणजे दोन आकड्यांना मिळून, एकाला नव्वद, पण जोड्या शंभर. कुणीही जिंको, सरासरी शेकडा दहा रुपये बुकीचे.

माईसाहेब: नको रे बाबा! ओपन-क्लोज, म्हणजे मटक्याचा पहिला आणि दुसरा आकडा, ज्या पोरांच्या कानावरही नाही, त्यांना गुरुजींनी शिकवायचं? पालकसभेत सोलून काढतील. शिवाय मटक्याला १८८७ चा जुगारबंदी कायदा लागू आहे.

खडूफळा: माई, एवढा जुना कायदा असून टपऱ्या चालूच आहेत ना? ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने बंदी घातली, तिचंही बघू.

बॅलन्सशीट: गणित येणारा खेळत नाही हा भ्रम आहे. आमच्या ऑफिसातला अकाउंट्सवाला पै-पैचा हिशोब ठेवतो आणि संध्याकाळी जोडी लावतो. म्हणे, "सातचा आकडा सहा दिवस आला नाही, आज येणारच."

खडूफळा: हे "येणारच" वर्गातच मोडायचं! कालच्या आकड्याचा आजच्याशी काडीचा संबंध नाही. पोरांना विचारा, एकच जोडी शंभर दिवस लावली तर एकदा तरी लागेलच ना? बहुतेक जण हो म्हणतील. ०.९९ चा शंभरावा घात काढा, साधारण ०.३७ येतो. म्हणजे अशा शंभरातल्या सदतीस जणांना एकदाही लागत नाही.

माईसाहेब: आकडा प्रामाणिकपणे निघतो असं धरून ना?

खडूफळा: बरोबर. गडबड असेल तर तोटा आणखी. दहा टक्के हा भोळा हिशोब.

पणजीकर: अहो, कॅसिनोतलं रुलेट घ्या, फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्यात थांबते त्यावर पैसे लावायचे. एका शून्याच्या रुलेटला घरं ३७, एका आकड्यावर नफा ३५ पट. कॅसिनोचा वाटा फक्त २.७ टक्के. तुमचा हुशार विद्यार्थी म्हणेल, मटका सोडा, गोव्यात मांडवी नदीवरच्या कॅसिनोत चला!

खडूफळा: मग त्याला पुढचं गणित घाला. शंभर-शंभरच्या चाळीस फिरक्या झाल्या की सरासरी १०८ रुपये गेले, आणि चाळीस फिरक्यांना फार वेळ लागत नाही.

बॅलन्सशीट: १०८ गेल्यावर उठतो कोण? गेलेले काढायला पुन्हा बसतात, तेही दुप्पट लावून. ते कुठल्या सूत्रात बसवणार, सर?