तिसऱ्यांच्या आतड्यातले जिवाणू: 'वसाहत' म्हणावं का?

ऐरोलीकर:
ठाणे खाडीच्या माहितीफलकाचा मजकूर लिहितेय. पाणी गाळून पोट भरणारे तिसऱ्या, कालवं असे शिंपल्यातले प्राणी आणि त्यांच्या आतड्यातले जिवाणू, असा विषय. 'निस्यंदक प्राणी' आणि 'आंत्रीय जिवाणू वसाहत' एवढंच सुचलंय. वाचणारे पोराबाळांना घेऊन फ्लेमिंगो बघायला आलेले असणार.

खारीगाव:
'निस्यंदक' वाचून लोक आरओचं दुकान शोधतील. 'गाळणजीवी' करा. फ्लेमिंगोही चोचीने चिखलपाणी गाळूनच खातो, तोही त्यात बसतो.

नेरुळचा सूक्ष्मजीववाला:
'गाळणजीवी' झकास. फक्त तिसरीचं आतडं गाळत नाही, गाळतात ते कल्ले. त्यांच्यावरची सूक्ष्म लव पाणी आत ओढते आणि कण चिकट स्रावात अडकून तोंडाकडे सरकतात.

'वसाहत' मात्र नको. प्रयोगशाळेत वसाहत म्हणजे तबकडीवर वाढलेला एकाच जिवाणूचा ठिपका. (आणि नवी मुंबईत वसाहत म्हटलं की एमआयडीसी!) इथे अनेक जाती एकत्र नांदतात, म्हणून 'जिवाणूसमुदाय'.

त्यातही रहिवासी वेगळे, वाटसरू वेगळे. कालवांच्या, शिंपल्यांच्या जठरात एक पारदर्शक, जेलीसारखी कांडी असते. ती फिरत राहते, झिजते आणि पाचकरस सोडते. तिच्यात क्रिस्टिस्पायरा नावाचे मळसूत्री जिवाणू राहतात. ते रहिवासी. सांडपाण्यातून आलेला ई. कोलाय हा वाटसरू.

दिवाळे कोळीवाडा:
आम्ही तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवतो, रेती ओकून टाकतात. हे वाटसरू पण जातात का?

नेरुळचा सूक्ष्मजीववाला:
ताई, रेती जाते, जिवाणूंची खात्री नाही. बाहेर टाकलेलं त्याच पातेल्यात राहतं आणि त्या तेच पाणी पुन्हा गाळतात. काही देशांत कालवं विकण्याआधी वाहत्या, शुद्ध केलेल्या समुद्रपाण्यात ठेवतात. त्यात ई. कोलाय लवकर घटतो. व्हिब्रिओ हा जिवाणू खाऱ्या पाण्यातलाच, तो सहजासहजी निघत नाही. तेव्हा नीट शिजवणं आलंच.

खारीगाव:
फलकावर स्पंज आहे का? तोही गाळणजीवी, पण त्याला आतडंच नसतं. असेल तर 'आतड्यातले' खोडा.

ऐरोलीकर:
नाही, चित्र तिसऱ्यांचंच आहे. मग असं लिहिते: 'गाळणजीवींच्या आतड्यातला जिवाणूसमुदाय: काही रहिवासी, काही वाटसरू.' शिजवण्याची ओळ खाली ठळक टाकते.

दिवाळे कोळीवाडा:
ती वरच टाका. खालपर्यंत कोण वाचतंय?