जुन्या १.२ लिटर स्विफ्टला टर्बो बसवावा का?

लातूरकर२४: मंडळी, माझी के सीरिज पेट्रोल स्विफ्ट हाय, पॉवर ८५ बीएचपीच्या आसपास, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र) टाकून १५० काढायचीय आणि गॅरेजवाला म्हणतोय इंजिन न खोलता काम होतंय. खरंय का?

जालन्याचा_पाना: बसतंय की, टिकत नाही. ह्या इंजिनचं कॉम्प्रेशन (आतलं हवा-पेट्रोल दाबायचं प्रमाण) मुळातच जास्त, त्यावर बूस्ट म्हणजे टर्बोचा दाब दिला अन् मे महिन्यात आपल्याकडं ४२ डिग्रीत तापलेली हवा आत गेली की नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसणं) सुरू, मग पिस्टनची वाट. बूस्ट कमी ठेव, नाहीतर फोर्ज्ड म्हणजे जास्त मजबूत घडीव पिस्टन-रॉड, मोठे इंजेक्टर, हवा गार करणारा इंटरकूलर आणि ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) नीट ट्यून करणारा माणूस, हे सगळं लागतंय भावा. क्लच तर पहिल्याच महिन्यात बोंबलंल.

बीडचा_ड्रायव्हर: पॉवरचं सगळे बोलतात, ब्रेकचं कुणीच नाही. मागं ड्रम ब्रेकच हायेत ना? आधी टायर-ब्रेक बघ. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किमीचीच लिमिट हाय, १५० पॉवर घेऊन उडणार कुठं?

एमएच२६: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा एकदा. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं केलं तर आरटीओत अडकतंय, इन्शुरन्सवालेपण क्लेमला नाट लावतील.

लातूरकर२४: मग सस्पेन्शन अन् टायरच करतो आधी. टर्बोचं घरी अजून सांगितलं नव्हतं, बरं झालं 😅