जॅमच्या बाटल्या भंगारवाला घेत नाही, मग काचेचं रिसायकलिंग होतं कुठे?

खोकीवाली
मंडळी, प्रश्न बाळबोध आहे, हसू नका. वर्षभर जॅम, सॉस, लोणच्याच्या बाटल्या धुऊन गॅलरीत साठवल्या, आता दोन खोकी भरलीत आणि सासूबाई रोज तिकडे बघून सुस्कारे टाकतात. काल भंगारवाल्याला बोलावलं तर त्याने बियरच्या तेवढ्या सात बाटल्या उचलल्या, बाकीच्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही, म्हणे "ताई, ह्याला कोण विचारतंय". आता काच कितीही वेळा वितळवता येते असं शाळेत शिकलो ना, मग ह्या काचेने काय पाप केलंय? आणि वितळवायला परत तेवढाच गॅस जाळायचा असेल तर त्यात फायदा तरी काय?

गोदामवाला
ताई, आमचा भंगारचाच धंदा आहे. बियरची बाटली नगावर जाते, जॅमची किलोवर. बियरवाली धुऊन परत भरली जाते, तिला वितळवतच नाहीत. जॅमच्या बाटलीला परत भरणारं गिऱ्हाईक नाही, मग ती फोडून काचेच्या ढिगात, आणि त्या ढिगाला भाव इतका कमी की ट्रक भरेपर्यंत जागा अडते ते वेगळंच, पोरांचे हात कापतात ते वेगळंच. त्याने घेतली नाही म्हणून त्याला शिव्या नका देऊ.

भट्टीतला_माणूस
बाटल्यांच्या कारखान्यात फर्नेसवर बावीस वर्षं काढली, नाव विचारू नका. गॅस तेवढाच लागत नाही. नव्या काचेसाठी वाळू, सोडा ॲश, चुनखडी वितळवायला भट्टी दीड हजार डिग्रीच्या आसपास लागते, फुटकी काच (आम्ही कलेट म्हणतो) त्याआधीच मऊ होते आणि बाकीच्या मालालाही विरघळवत नेते. ढोबळ हिशोब असा की दर १० टक्के कलेटमागे ऊर्जा अडीच-तीन टक्के वाचते. म्हणजे अख्खी भट्टी जुन्या काचेवर चालवली तरी पंचवीस-तीस टक्केच. ॲल्युमिनियमच्या कॅनमध्ये ९५ टक्क्यांच्या घरात वाचते, त्यापुढे हे काहीच नाही. पण एक गोष्ट लोक विसरतात, सोडा ॲश आणि चुनखडी तापली की त्यांच्यातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, खाली गॅस जाळा नाहीतर वीज लावा. कलेटमधून तो निघत नाही, पहिल्याच खेपेला निघून गेलेला असतो.

आता ढिगाला भाव का नाही. पांढऱ्या (म्हणजे बिनरंगी) बाटलीच्या भट्टीत हिरवी-तपकिरी काच गेली की रंग बिघडला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कपबशीचा तुकडा!! एकदा रात्रपाळीला कलेटच्या लॉटमध्ये कुणाच्या तरी चहाच्या कपाचे तुकडे आले. चिनीमाती आमच्या भट्टीत धड वितळत नाही, बाटलीच्या अंगात साबुदाण्याएवढा पांढरा खडा बसतो, भोवती केसासारखी तड. अशी बाटली भरताना फुटते. पहाटेपर्यंत बेल्टवरून बाटल्या काढून टाकत होतो, हाताला उजेडात धरून एकेक बघायची, शेवटी डोळ्यांसमोर खडेच नाचायला लागले.

चौथा_कप
पण दादा, मग गॅस सोडून सरळ विजेवर का जात नाही? सोलर एवढं स्वस्त झालंय.

भट्टीतला_माणूस
अरे ती घरची शेगडी नाही. भट्टी एकदा पेटली की दहा-बारा वर्षं, कधी जास्तच, दिवसरात्र चालू. तशीच गार होऊ दिली तर आत काच गोठते आणि विटांना तडे जातात, म्हणून २०२२ मध्ये युरोपात गॅस आकाशाला भिडला तेव्हा तिकडच्या काचवाल्यांना "थोडे दिवस बंद ठेवू" म्हणायची सोय नव्हती. इंधन बदलायचं तर भट्टी नव्याने बांधताना. आपल्याकडे त्यात आणखी एक गंमत, नैसर्गिक वायू जीएसटीत नाहीच, त्यावर व्हॅट. म्हणजे गॅसवर भरलेला कर बाटलीच्या जीएसटीतून वजा होत नाही.

कोर्टाच्या दट्ट्याने बदल होतो हे मात्र आग्र्याजवळच्या फिरोजाबादला दिसलं. ताजमहाल काळवंडतोय म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ताजच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना कोळसा सोडून गॅस घ्या नाहीतर उठा असं सांगितलं. तुमच्या हातातल्या काचेच्या बांगड्या बहुतेक तिथल्याच.

म्युनिककर
इकडे जर्मनीत बियरच्या बाटलीवर ८ सेंट डिपॉझिट, बाटली परत दिली की पैसे परत. जॅमच्या बरणीला डिपॉझिट नाही, ती कोपऱ्यावरच्या डब्यात टाकायची, पांढरी, तपकिरी, हिरवी असे वेगळे डबे, निळी बाटली हिरव्यात. रविवारी टाकली तर शेजारी खिडकीतून बघतो :)

निलगिरी_रिटर्न
भारतातपण झालंय की. तमिळनाडूतल्या निलगिरीत २०२२ पासून सरकारी दारूच्या दुकानात बाटलीमागे १० रुपये जास्त घेतात, रिकामी आणली की परत. हायकोर्टाने कान पिळल्यावर, अर्थात.

तळेगावचा_जुना
अवांतर: काचेवर बोलताय आणि पैसा फंडाचं नाव कुणीच काढेना? लोकांकडून एकेक पैसा गोळा करून आमच्या तळेगावात काच कारखाना काढला, १९०८ साल, टिळकांचा पाठिंबा होता. चालू द्या.

खोकीवाली
सगळ्यांना धन्यवाद, सासूबाईंना वाचून दाखवलं. गोदामवाले दादा, रंगाप्रमाणे वेगळ्या करून दिल्या तर घ्याल का? झाकणं काढून ठेवते. आणि दुसऱ्या खोक्यात तळाशी एक फुटका कप आहे तो आत्ताच काढला.

गोदामवाला
पांढऱ्या वेगळ्या काढून ठेवा, मेसेज करतो. झाकणं टाकू नका, पत्र्याची असतील तर त्यांना भाव आहे.