समुद्रात फुकट वाढतात, मग कालवं एवढी महाग का?

टिळकवाडीकर (मूळ पोस्ट)
गेल्या रविवारी चोर्ला घाटातून पणजीला गेलो होतो. एका हॉटेलात बर्फावर मांडलेली सहा कालवं (ऑयस्टर), बाजूला लिंबाची फोड, बिल बाराशे. परत आल्यावर बेळगावच्या कॅम्पातल्या फिश मार्केटात विचारलं, तर सोललेल्या कालवांचा लहान डबा साडेतीनशेला आणि आत निम्मं पाणी. शेजारी तिसऱ्यांचा (वाळूतल्या शिंपल्यांचा) ढीग पडलेला, त्या स्वस्त. कालवांना ना खाद्य, ना खत, ना औषध. खडकाला चिकटून आपोआप वाढतात. ही निव्वळ लूट आहे. पटत नसेल त्यानं हिशेब मांडावा.

शहापूरची_वैनी
मांडते. एरवी मी इथं वाचून गप्प बसते, पण तो "आपोआप" वाचला आणि हातातला चहा निवला.

माझं माहेर वेंगुर्ल्याजवळचं. आई कालवांना जायची. मनात आलं आणि गेली असं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आगंमागं चार-पाच दिवस उधाण असतं, तेव्हाच ओहोटी खोल जाते आणि खालची खडपं, म्हणजे कालवांचे खडक, उघडी पडतात. अष्टमीच्या भांगाला पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. म्हणजे महिन्यातले आठ-दहा दिवस कामाचे, आणि त्या दिवसातलेही दोन-अडीच तास. उधाणाची ओहोटी आमच्याकडं पहाटे पाच-सहाच्या सुमारास. डिसेंबरात त्या वेळेला गुडघाभर पाण्यात एकदा उभे राहून बघा.

तिसरी वाळूत असते. पायानं चाचपली की हाताला लागते, घरी गरम पाण्यात टाकली की आपणहून तोंड उघडते. कालवाची एक शिंप दगडाला सिमेंट लावल्यासारखी बसलेली असते. एकेकाची वरची शिंप हातोडीनं उडवायची, मग टोकदार सळईनं आतला गर न फुटता उचलायचा. फुटला की पाणी सुटलं आणि भाव गेला. शिंपांसकट दहा किलो कालवं फोडली तर गर किलोभर निघाला तरी नशीब. आईच्या अंगठ्याखाली एक पांढरी रेघ होती. कालवाच्या कडेनं कापलेलं, आठ दिवस पू येत होता. त्याच हातानं ती पुढच्या उधाणाला गेली.

डब्यातलं पाणी कालवांचंच असतं, त्यातच ती टिकतात. निम्मं मात्र नसतं. निम्मं असेल तर बाई बदला.

टिळकवाडीकर
वैनी, आईंच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण कष्ट आहेत म्हणून भाव योग्य, हे कुठलं गणित? येळ्ळूरच्या चिखलात दिवसभर वाकून बासमती लावणाऱ्या बाईचे कष्ट कमी आहेत काय? तिच्या तांदळाला कोण बर्फावर मांडून बाराशे देतो? आणि त्या बाराशेतले आईंच्या हातात किती पडले असते तेही सांगा.

शहापूरची_वैनी
शंभरसुद्धा नाही. हॉटेलाची वकिली मी कुठं केली? तुम्ही कॅम्पातल्या बाईलाही त्याच पोत्यात घातलंत, म्हणून लिहिलं.

मोत्याची_माळ
कालवात मोती सापडतो म्हणून महाग असतील ना?

निवृत्त_मास्तर
नाही हो. मोत्याचं शिंपलं वेगळं, त्याचं कूळच वेगळं. खायच्या कालवात चुकून खडा सापडला तर तो दाताच्या डॉक्टरच्या उपयोगाचा.

जांबोटीचा_वाघ
सगळे शाणे भांडूलालाय, पण भाव लावतो तो रस्ता. मी चार वर्षं मासळीची पिकअप चालवली. पहाटे गोव्यातून माल भरायचा, साखळी गावावरनं चोर्ला घाट चढायचा. घाट चढेपर्यंत ठीक, पुढं कणकुंबी ते जांबोटी पाठीचे मणके मोजून घ्या. एका पावसाळ्यात झाड आडवं पडलं, तीन तास गाडी जाग्यावर. बर्फाचं पाणी झालं. पापलेट कसंबसं तगलं, सोललेल्या कालवांचे डबे मात्र फुगले. व्यापाऱ्यानं झाकण उघडलं, वास घेतला आणि एक शब्द न बोलता झाकण लावलं. डिझेलसुद्धा माझ्या खिशातून गेलं. असे दोन डबे गेले की उरलेल्या आठांवर भाव चढणारच.

आंबोलीमार्गे
चोर्ल्यातून आणायला सांगितलं कुणी? वेंगुर्ला-सावंतवाडी-आंबोली-शिनोळी, सरळ रस्ता. बेळगावची मासळी पहिल्यापासून त्याच वाटेची.

जांबोटीचा_वाघ
सरळ? आंबोलीत धुकं उतरलं की स्वतःच्या गाडीचा बॉनेट दिसत नाही मर्दा. वर पावसाळ्यात धबधबा बघायला आलेल्यांच्या गाड्या दोन्ही बाजूंना लावलेल्या. मासळी आत, हे बाहेर भिजत नाचतात.

आंबोलीमार्गे
वर्षातले दोन महिने. तुमच्या रस्त्याला बारा महिने खड्डे.

जुनं_बेळगाव
दोघांनाही सांगतो. एकेकाळी बेळगावचं बंदरच वेंगुर्ला होतं. कापूस त्या रस्त्यानं खाली जायचा, मीठ-मासळी वर यायची. लोंढा-कॅसलरॉकवरून गोव्यातल्या मुरगाव बंदराची रेल्वे झाली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार बसला. तेव्हापासून या रस्त्याला वाली नाही. थोडा रस्ता कर्नाटकात, बाकीचा महाराष्ट्रात, दोघंही दुसऱ्याकडं बोट दाखवतात.

गणेशपूर_गल्ली
"बेळगाव" नाही, २०१४ पासून "बेळगावी". सरकारी नाव तरी नीट लिहा.

जुनं_बेळगाव
झालं सुरू. माझ्या आजोबांच्या सातबाऱ्यावर काय लिहिलंय ते येऊन वाचा, मग मला शुद्धलेखन शिकवा.

गणेशपूर_गल्ली
सातबारा दाखवून मासळी स्वस्त होत असेल तर दाखवा.

शहापूरची_वैनी
दोघांनी १ नोव्हेंबरला, राज्योत्सव-काळ्या दिवसाला भांडा. इथं कालवांचं चाललंय.

निवृत्त_मास्तर
मुद्द्यावर येतो. टिळकवाडीकर दोन वेगळ्या वस्तू एका तराजूत टाकतात. डब्यातली कालवं शिजवायची. हॉटेलातलं कच्चं खायचं, म्हणजे ते ताटात येईपर्यंत जिवंत हवं. थंडाव्यात शिंप मिटून ते आठवडाभर जगतं खरं, पण त्यासाठी शिंपांसकट आणावं लागतं, म्हणजे गाडीत नव्वद टक्के दगड वाहायचा. तोंड उघडं पडलेलं एकेक फेकून द्यायचं. शिवाय अनुकूल पाण्यात एक मोठं कालव दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी गाळतं. त्या पाण्यात गटार मिसळलं असेल तर तेही त्याच्या पोटात. म्हणून कच्ची विकायची कालवं आधी स्वच्छ पाण्याच्या टाकीत एक-दोन दिवस ठेवतात. टाकी, पंप, तपासणी हे फुकट होत नाही.

"पूर्वी गरीब खायचे" असं कुणी म्हणण्याआधीच सांगतो, खायचे. एकोणिसाव्या शतकात लंडन, न्यूयॉर्कला मजूर रस्त्यावर उभे राहून कालवं खायचे. ती स्वस्ताई समुद्राचं भांडवल मोडून होती. उपसून उपसून खडपं संपवली, उरल्यात सांडपाणी सोडलं. न्यूयॉर्क शहराची शेवटची खडपं १९२७ मध्ये बंद झाली.

टिळकवाडीकर
मास्तर, मग शेती करा ना! केरळात खाडीत दोऱ्यांना टांगून वाढवतात, सात-आठ महिन्यांत तयार. फ्रान्सला तीन वर्षं लागतात, आपल्या गरम पाण्यात वर्षही लागत नाही. खाद्यही लागत नाही, हे माझं मूळ वाक्य अजून उभं आहे.

निवृत्त_मास्तर
उभं आहे, एका पायावर. सिंधुदुर्गातही बायकांच्या गटांनी खाडीत बांबूचे मांडव घालून कालवं वाढवली. खडपावर जायचं वाचतं, हे खरं. पण टांगलेलं कालवसुद्धा हातानंच फोडावं लागतं. फोडायला तुमचं ते "आपोआप" कामाला येत नाही.

शहापूरची_वैनी
आणि पावसात खाडीला गोडं पाणी आलं की टांगलेली मरतातही. माझ्या मामेबहिणीच्या गटाचा एका जुलैत अर्धा मांडव गेला. मे महिन्यात काढायला हवी होती, पण लग्नसराईत कुणाचे हात मोकळे नव्हते. तो तोटा तुमच्या बिलात कुणी धरला नाही, तिच्या अंगावर पडला.

जांबोटीचा_वाघ
माझेपण दोन डबे अंगावर पडले. त्यावर कुणी बोलंना.

आंबोलीमार्गे
आंबोलीतून आला असता तर वाचले असते.

टिळकवाडीकर
ठीक आहे. वैनींच्या डब्याचा भाव मी मागे घेतो. साडेतीनशे रास्त, खुश? पण हॉटेलाच्या बाराशेवर मी ठाम आहे. लिंबाची फोड आणि एसी यांचे हजार रुपये होत नाहीत.

शहापूरची_वैनी
"माझा" डबा नाही तो. कॅम्पातल्या बाईचा आहे. पण मागे घेतलात, नोंद केली. स्क्रीनशॉटही काढला.

निवृत्त_मास्तर
बाराशेवर मीही तुमच्या बाजूनं. कारण तुमच्याहून वेगळं आहे, पण आता दमलो.

टिळकवाडीकर
एवढं ऐकून घेतलं तर करायची कशी तेही सांगा. येत्या रविवारी आणतो.

शहापूरची_वैनी
येत्या रविवारी अष्टमी आहे. वर काय लिहिलं ते वाचलं नाहीत वाटतं. पुढच्या रविवारी जा, सकाळी नऊच्या आत. डबा घेण्याआधी हलवून बघा. आणल्यावर एकदाच हलक्या हातानं धुवा, नळाखाली धरू नका. कांदा, ओलं खोबरं, तिरफळ, वर आमसूल. तिसऱ्यांसारखी उकळत ठेवलीत तर रबर होईल, मग परत इथं येऊन लूट लूट म्हणून ओरडाल.

टिळकवाडीकर
तिरफळ कुठं मिळतील?

जांबोटीचा_वाघ
कणकुंबीला. रस्ता बगून घ्या.