मोकळ्या आकाशाखालचा गो-कार्ट ट्रॅक: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती

आमच्या घरात सात वर्षांच्या भाच्यापासून सत्तरी ओलांडलेल्या सासऱ्यांपर्यंत सगळ्यांना गो-कार्टिंगला जायचंय. ट्रॅकच्या पाटीवर 'सर्व वयोगटांसाठी' असं लिहिलेलंच असतं. माझ्या मते ती पाटी अर्धी खरी असते. तिथे प्रत्येकाला करण्यासारखं काहीतरी असतं, पण सगळ्यांना एकच गोष्ट झेपते असं नाही. कोणाला काय झेपलं, काय आवडलं, कुठे वैताग आला, ते लिहा. इनडोअर ट्रॅकचे अनुभव शक्यतो नकोत. डोक्यावर छत, गुळगुळीत फरशी आणि बहुधा विजेवर चालणाऱ्या कार्ट, हा खेळ वेगळा. इथे ऊन, वारा, धूळ आणि डांबर यांच्याबद्दल बोलू.

सुरुवात मी करते. बसल्या बसल्या पहिली जाणवते ती जमीन. सीट इतकी खाली असते की हात बाहेर सोडला तर बोटं डांबराला लागतील (सोडायचा नाही, हे सांगायला नकोच). डोळे जमिनीच्या इतके जवळ आले की ताशी चाळीसचा वेगसुद्धा ऐंशीसारखा वाटतो. गिअर नाहीत, क्लचचं पायडल नाही. उजव्या पायाखाली अॅक्सिलरेटर, डाव्या पायाखाली ब्रेक. गाडी चालवणाऱ्यांची इथेच पंचाईत होते. डाव्या पायाला क्लच पार खाली दाबायची सवय, त्यामुळे ब्रेकही तो तसाच दाबतो आणि कार्टचं तोंड आल्या दिशेला होतं! ज्यांना गाडी येतच नाही ती मंडळी पहिल्या फेरीत बरी चालवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

नट-बोल्ट

धागा आवडला. थोडं यंत्राबद्दल लिहितो, कारण ते कळलं की चालवण्यात फरक पडतो.

कार्टला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी रचना, नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर अर्थात अॅक्सलवर घट्ट बसवलेली, म्हणजे दोन्ही सारखीच फिरणार. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी. मग जमायचं कसं? स्टीअरिंग फिरवलं की पुढच्या चाकांच्या तिरक्या बसवणीमुळे आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि मागचं आतलं चाक किंचित उचललं जातं. तेवढ्यापुरती कार्ट तीन चाकांवर वळते. धक्के झेलणारं सस्पेन्शनही नसतं. नळ्यांची चौकटच जरा वाकते, पिळते आणि तेच काम करते. म्हणून मोटरसायकलवर झोकतो तसं अंग आतल्या बाजूला झोकू नका. त्यानं जे चाक उचलायला हवं त्याच्यावरच भार येतो आणि कार्ट वळायला कुरकुरते. सीटला पाठ टेकवून शांत बसणं हेच बरोबर.

भाड्याच्या कार्टवर बहुतेक ठिकाणी २०० किंवा २७० सीसीच्या आसपासचं फोर-स्ट्रोक इंजिन असतं, पाण्याच्या पंपाला आणि जनरेटरला लावतात त्याच जातीचं. ब्रेक फक्त मागच्या अॅक्सलवर. त्यामुळे वळणाच्या मध्यात ब्रेक मारला की मागची बाजू पुढे येणारच. ब्रेक सरळ रेषेत, वळणाच्या आधी संपवायचा.

या प्रकाराची सुरुवातही मजेशीर आहे. कॅलिफोर्नियात कर्टिस क्राफ्ट या रेसिंग गाड्या बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या आर्ट इंगल्सनं १९५६ साली लू बोरेली या मित्राबरोबर पहिली कार्ट जुळवली. इंजिन होतं गवत कापायच्या यंत्रासाठी बनवलेलं. पुढच्या आठ वर्षांत प्रकरण इतकं वाढलं की १९६४ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धाच सुरू झाली.

चिकूची आजी

मी नातवाला सोडायला गेले होते. सावलीत बसून पुस्तक वाचायचा बेत होता. सूनबाईनं परस्पर माझंही नाव घातलं.

माझ्या वयाच्या बायकांना सांगते, चालवणं सोपं आहे. अवघड आहे ते आत बसणं आणि त्याहून अवघड बाहेर येणं. तिथल्या मुलानं दाखवलं तसं केलं: आधी एक पाय थेट सीटवर, मग दुसरा, मग दोन्ही हात सीटच्या कडांवर ठेवून अंग हळूहळू खाली सोडायचं. बाजूला इंजिन असतं, त्याच्या तापलेल्या नळीला पोटरी लागली तर कातडी सोलते, म्हणून त्या बाजूनं चढायचंच नाही. सीट घट्ट असते, कमरेला धरून ठेवते. ते चांगलंच आहे, वळणावर बरगड्या आपटत नाहीत.

केसांच्या बाबतीत मात्र मुलींनो, हयगय नको. त्या मुलानं माझी वेणी अंगरख्याच्या आत घालायला लावली आणि वर कापडी टोपडं, त्यावर हेल्मेट. ओढणी, स्कार्फ, जॅकेटची लोंबती नाडी, सगळं काढून ठेवायला लावलं. मला आधी जाच वाटला. पण पाठीमागे हातभर अंतरावर तो अॅक्सल गरगर फिरत असतो आणि त्यात केस अडकून जीव गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. जिथे हे कोणी तपासत नाही तिथे पैसे भरले असले तरी बसू नका.

बाकी मी आपली कडेकडेनं चालवली. मागून कोणी आलं की एकजण निळा झेंडा दाखवायचा, मी बाजूला व्हायची. कोणी काही बोललं नाही. नातू मात्र प्रत्येक फेरीला ओलांडून जाताना हात हलवत होता आणि त्याबद्दल त्याला ओरडा बसला.

धागाकर्ती

आजी, चढण्या-उतरण्याचं लिहिलंत ते फार कामाचं. सासऱ्यांना एका बाजूचा गुडघा वाकवायला त्रास होतो, त्यामुळे हाच प्रश्न होता.

दोन पोरांचा बाबा

लहान मुलांसाठी वयापेक्षा उंची बघतात, हे घरून निघायच्या आधी पोरांना नीट समजावून ठेवा. पाय पायडलपर्यंत पोचला पाहिजे आणि पाठ सीटला टेकलेली राहिली पाहिजे, दोन्ही एकाच वेळी. आमच्या थोरल्याला पट्टीजवळ उभं केलं तर बोटभर कमी. त्यानं टाचा उचलल्या, तिथल्या ताईंनी हसून खांद्यावर हात ठेवला आणि खाली बसवल्या. मग जे रडणं सुरू झालं!

उपाय निघाला तो दोन सीटच्या कार्टचा. मोठा माणूस चालवतो, पोर शेजारी. एक लक्षात ठेवा, शेजारी बसलेल्या मुलाच्या हातात स्टीअरिंग नसतं, त्यामुळे वळण येतंय हे त्याच्या अंगाला आधी कळत नाही. तुम्हाला मजा वाटणारं वळण त्याला धक्का वाटतं. त्याला 'आता डावीकडे' असं ओरडून सांगितलं तरी हेल्मेटमध्ये काही ऐकू जात नाही. निघायच्या आधी ट्रॅकच्या कडेनं दोघांनी चालत जाऊन वळणं बघून ठेवली ती कामी आली.

धाकटी वयानं लहान पण उंच. तिला मुलांची कार्ट मिळाली. त्यांचा वेग बांधलेला असतो आणि कित्येक ठिकाणी मार्शलच्या (ट्रॅकवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाच्या) हातात रिमोट असतो, गडबड दिसली की सगळ्या कार्ट एकदम मंद. हे पाहून माझा जीव भांड्यात पडला.

रांगेत पालकांच्या गप्पा ऐकण्यासारख्या असतात. प्रत्येकाला फॉर्म्युला वनचे जगज्जेते आयर्टन सेना आणि मायकेल शूमाकरच आठवतात. सेनाला चार वर्षांचा असताना वडिलांनी गवतयंत्राच्या इंजिनाची कार्ट बनवून दिली, शूमाकरचे वडील केर्पेनचा कार्ट ट्रॅक सांभाळायचे, हे सगळं खरं आहे. पण सेना तेरा वर्षांचा झाला तेव्हा कुठे स्पर्धेत उतरला. तेव्हा सात वर्षांच्या पोराला कठड्याबाहेरून 'अरे दाब, दाब' म्हणून ओरडणाऱ्या बाबा लोकांनी जरा दमानं घ्यावं.

पिवळा झेंडा

कॉलेजात असताना सुट्ट्यांमध्ये एका ट्रॅकवर मार्शल होतो. बाबांशी शंभर टक्के सहमत. मुलं ऐकतात. मोठी माणसं सूचनांच्या वेळी मोबाइलवर असतात आणि मग ट्रॅकवर पिवळा झेंडा दिसला की आपल्याला शाबासकी दिली असं समजून हात हलवतात.

झेंडे एवढेच लक्षात ठेवा. पिवळा म्हणजे पुढे कोणीतरी अडकलंय, वेग कमी, ओलांडायचं नाही. निळा म्हणजे मागच्याला वाट द्या. लाल म्हणजे सगळ्यांसाठी सत्र थांबलं. काळा दाखवला तर तुमचं वागणं नडलंय, पिटमध्ये (ट्रॅकबाहेर कार्ट थांबवायच्या जागी) या. काळे-पांढरे चौकोन म्हणजे संपलं. हे संपलेलं लोकांना पटत नाही, 'अजून एक' म्हणून सुसाट जातात आणि पिटच्या तोंडाशी थांबलेल्यांवर आदळतात. आम्ही जे अपघात आवरले त्यात असले बरेच होते.

दुसरं म्हणजे दोन्ही पायडल एकदम दाबणं. कार्टमध्ये वेगाबरोबर आपोआप धरणारा क्लच असतो. ब्रेक दाबून वर अॅक्सिलरेटर दिला की तो घासत राहतो, तापतो, जळका वास येतो, मग 'माझी कार्ट ओढत नाही' ही तक्रार. डावा पाय पायडलवर नुसता टेकलेला असला तरी हेच होतं.

आणि कार्ट गरकन फिरून तिचं तोंड उलट्या दिशेला झालं तर उतरू नका. कृपा करून उतरू नका! दोन्ही हात वर करा, बसून राहा. वळणाआडून येणाऱ्याला उभा माणूस दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

तक्रारखोर

सगळे कौतुक करताहेत म्हणून दुसरी बाजू. आम्ही गेलो तिथे (नाव लिहीत नाही) बारा कार्टपैकी धड पळणाऱ्या चारच असाव्यात. मला मिळालेल्या कार्टचा ब्रेक पार तळाला जात होता. दुसऱ्या फेरीनंतर पिटमध्ये आणून सांगितलं तर 'अशीच असते' हे उत्तर. हुज्जत घातल्यावर बदलून मिळाली, आणि नवी कार्ट पहिलीपेक्षा इतकी वेगळी होती की माझंच मला हसू आलं. सांगायचं इतकंच की कार्ट संशयास्पद वाटली तर संकोच न करता लगेच सांगा, ब्रेकच्या बाबतीत तर नक्कीच.

हेल्मेटचा वास हा स्वतंत्र धाग्याचा विषय. स्वतःचं टोपडं न्या. चष्मेवाल्यांनी हेल्मेटची काच बोटभर उघडी ठेवली की वाफ धरत नाही. उन्हात रांगेत उभं राहायची तयारी ठेवा, सकाळचं पहिलं सत्र मिळालं तर उत्तम.

शेवटचा लॅप

सकाळच्या सत्राला एक पण आहे: तेव्हा डांबर आणि टायर दोन्ही थंड असतात. पहिल्या एक-दोन फेऱ्या कार्ट बर्फावर असल्यासारखी सरकते, मग टायर तापले की चिकटायला लागते. सुरुवातीलाच मर्दुमकी दाखवली तर गवतात.

मला खरं व्यसन लागलं ते शेवटी हातात मिळणाऱ्या कागदाचं. कार्टला लावलेल्या यंत्रामुळे प्रत्येक फेरीची वेळ हजारांशापर्यंत छापून येते. त्या दिवशी मला वाटत होतं की टायर किंचाळताहेत, मी वळणावर आडवा जातोय, म्हणजे भन्नाट चालवतोय. कागद म्हणाला, तुझी सर्वात वेगवान फेरी तीच, ज्यात तुला काहीच घडल्यासारखं वाटलं नाही. टायर किंचाळतोय म्हणजे वेग घासून जातोय. वळणात हळू शिरा, आतल्या कडेला जरा उशिरा शिवा आणि बाहेर पडताना पूर्ण अॅक्सिलरेटर द्या. लांब सरळ पट्ट्याच्या आधीचं वळण याच पद्धतीनं घेतलं तर तिथे मिळालेला वेग सबंध पट्टाभर पुरतो. बाकीच्या वळणांवर डोकं खपवण्यात फारसा अर्थ नाही.

वजनाचंही खरं आहे. एवढ्याशा इंजिनाला पंधरा-वीस किलोचा फरक कळतो. माझी बारकुडी मामेबहीण आम्हा सगळ्या भावंडांना सरळ पट्ट्यावर मागे टाकते. स्पर्धांमध्ये हलक्या चालकाच्या कार्टला शिशाचे ठोकळे लावून किमान वजन भरून घेतात ते उगाच नाही. आम्ही तशी मागणी केली, तिनं धुडकावली.

मागची सीट

मणक्याचं दुखणं, मानेचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर बसू नका. सस्पेन्शन नसल्यामुळे प्रत्येक खड्डा थेट माकडहाडाला कळतो. मी डिस्कच्या दुखण्यामुळे कठड्याबाहेर असते. माझं काम स्टॉपवॉच आणि फोटो. फोटोसाठी हेअरपिनच्या (जवळजवळ मागे फिरवणाऱ्या वळणाच्या) बाहेरची जागा सोडून आतल्या बाजूला, जाळीमागे उभं राहा. चेहरे तिकडून दिसतात, शिवाय घसरलेली कार्ट बाहेरच्या बाजूला येते.

बसणाऱ्यांना एक इशारा: दुसऱ्या दिवशी पोटऱ्या ठीक असतात, पण हाताच्या पुढच्या भागाचे स्नायू असे भरून येतात की घरातल्या कोणालाही बाटलीचं झाकण उघडत नाही. स्टीअरिंग गच्च आवळून धरल्यानं होतं. साधे हातमोजे घातले तर फोड तरी येत नाहीत.

धागाकर्ती

उत्तम माहिती येतेय. पावसात कोणी चालवली आहे का? आमच्या ठरलेल्या दिवशी ढग दिसताहेत.

ओला ट्रॅक

मुद्दाम पावसात जातो. विजा असतील किंवा पाणी साचलं असेल तर ट्रॅक बंद करतात आणि करायलाच हवा. नुसती भुरभुर असेल तर जरूर जा, गर्दी नसते.

कोरड्यात ज्या रेषेवरून सगळे जातात तिथे टायरचं रबर डांबरात घासून बसलेलं असतं. भिजल्यावर तीच रेषा सर्वात निसरडी होते. म्हणून वळणात नेहमीच्या आतल्या कडेला न शिवता बाहेरून, जिथे डांबर खरबरीत आहे तिथून जा. ब्रेक खूप आधी आणि हलका. मागची चाकं अडकली की कार्ट फिरलीच समजा. अॅक्सिलरेटरही अंड्यावर पाय ठेवल्यासारखा. वजन, इंजिन, नवी-जुनी कार्ट हे सगळे फरक पावसात बरेच कमी होतात आणि शांत डोक्याचा माणूस पुढे जातो. आमच्या टोळक्यात कोरड्यात कायम शेवटी येणारे एक काका पावसात पहिले आलेत.

काचेवरचं पाणी डाव्या हातमोज्यानं पुसा, पण सरळ पट्ट्यावरच. कपड्यांचा दुसरा जोड आणि मोज्यांचा तर नक्कीच घेऊन जा. पुढच्या चाकांवरून उडणारं पाणी थेट मांडीवर येतं.