बर्फावरचा नाच: उड्या नाही तं गुण कायचे?

आर्णीवाला: मोबाईलवर पायलं, अमेरिकेची मेरिल डेव्हिस अन् चार्ली व्हाइट, हिंदी शिनेमाच्या गाण्यावर बर्फावर नाचून रायले! माही पोरगी म्हणते हे ऑलिम्पिक होय. उड्या तं दिसल्याच नाही. मंग गुण कायचे देतात?

चांदूरकर: पोरीचं खरं हाय, बाप्पा. २०१० चं व्हँकुव्हर. आइस डान्समधी मोठ्या उड्या नसतेच, अन् गड्यानं जोडीदारणीले उचलताना हात डोक्याच्या वर न्याचे नाही. बुटाखालच्या पात्याच्या कडेवरचा ताबा, ताल, दोघांची जवळीक, हे पायतात. दंडारीत ठेका चुकला की म्हातारे कसे लगेच वळखतात, तसं. त्या वर्षी रौप्य भेटलं त्याइले.

वणीची ताई: मले त्यांचा जीव लागला तो वेगळ्याच गोष्टीसाठी. १९९७ पासून दोघं संगच. या खेळात जोडीदार बदलणं नेहमीचं, यांनी नाही बदलला! २०११ ले विश्वविजेते, आइस डान्समधी अमेरिकेचे पहिलेच. २०१४ ले सोचीत सुवर्ण, तेही पहिलंच.

आर्णीवाला: पोरगी विचारते, आपल्या देशात रिंक, म्हंजे बर्फाचं स्केटिंगचं मैदान, कुठं?

चांदूरकर: देहरादूनले हाय, २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बांधली. तवरोक चाकाचे स्केट घेऊन दे तिले.