मदत हवी आहे: स्वेमध्ये सुरुवात देवनागरी लेआउटने करून शॉर्टकट कसे चालवायचे?

वेलँडवर (एक्स११ऐवजीची, पडद्यावर खिडक्या दाखवणारी प्रणाली) स्वे हा खिडक्या मांडणारा प्रोग्राम वापरतो. कीबोर्डचे दोन लेआउट: यूएस आणि इनस्क्रिप्ट देवनागरी, ऑल्ट+शिफ्टने अदलाबदल. देवनागरी चालू असताना मॉड+एंटर (मॉड म्हणजे शॉर्टकटसाठी ठरवलेली कळ) आणि बाणांच्या कळा ठीक चालतात, पण अक्षरांचे शॉर्टकट गप्प. मॉड+शिफ्ट+क्यू दाबलं तरी खिडकी बंद होत नाही, कारण बाइंडसिमला (अक्षराच्या नावाने शॉर्टकट ठरवणारी कॉन्फिग फाइलमधली आज्ञा) तिथे 'क्यू' सापडतच नाही.

'बाइंडसिम --टू-कोड' (अक्षराचं कळेच्या क्रमांकात रूपांतर करणारा पर्याय) लावून पाहिलं, रिसाइझ मोडमध्येही (खिडकीचा आकार बदलताना). यूएस यादीत पहिला असेल तर उत्तम चालतं. पण दिवसभर मराठीच टंकतो, म्हणून लॉगिन होताच देवनागरी हवी. क्रम उलटा केला की '--टू-कोड' पहिल्या लेआउटमध्ये अक्षर शोधतं आणि सगळं पुन्हा बंद.

थेट कळेचा क्रमांक घेणारा बाइंडकोड चालतो (क्यू म्हणजे २४, ए म्हणजे ३८), पण नुसत्या आकड्यांची कॉन्फिग सहा महिन्यांनी कोण वाचणार? एक्स११ वर परत जायचं नाही, आयबससारखी इनपुट मेथडही (टंकण्यासाठीचा वेगळा प्रोग्राम) नको. लॅपटॉपला बाहेरचा यूएसबी कीबोर्डही जोडतो, तेव्हा उपाय दोन्हींवर चालायला हवा.

यूएस यादीत पहिला ठेवूनच सुरुवात दुसऱ्या लेआउटने करता येते का? आणि ती ओळ कॉन्फिगमध्ये नेमकी कशी लिहायची, म्हणजे नंतर जोडलेल्या कीबोर्डलाही लागू होईल?